मदत हवी आहे: टेक्ससचं गन परमिट न्यू जर्सीत चालतं का?

नमस्कार मंडळी,

नोकरीमुळे या उन्हाळ्यात टेक्ससमधल्या फ्रिस्कोहून न्यू जर्सीला, एडिसनच्या आसपास, बिऱ्हाड हलवतोय. घर, शाळा, मूव्हर्स सगळं मार्गी लागलंय, फक्त एका गोष्टीवर अडलंय. ऑफिसात चार जणांना विचारलं तर चार उत्तरं मिळतात.

माझ्याकडे टेक्ससचं लायसन्स टु कॅरी आहे, म्हणजे एलटीसी, गन अंगावर बाळगायचं परमिट, आणि एक ग्लॉक १९ पिस्तूल. दोन्ही रीतसर. मी आणि बायको ग्रीन कार्डवर आहोत. सप्टेंबर २०२१ पासून टेक्ससमध्ये परमिट नसतानाही गन बाळगता येते, तरी मी एलटीसी काढलं, कारण इतर बऱ्याच राज्यांत ते मानतात. कार्डाची मुदत अजून पुष्कळ शिल्लक आहे.

तर न्यू जर्सीत ते निदान मुदत संपेपर्यंत तरी चालेल ना? ड्रायव्हिंग लायसन्सला नव्या राज्यात थोडे दिवस सवलत असते, तसं काही? नसेल तर गन गाडीतून न्यायची कशी? आम्ही दोन मुक्काम करत गाडीनेच जाणार आहोत. शिवाय मेहुणा एच-वन-बीवर आहे, तो काही महिने आमच्याकडे राहील. त्याने काही फरक पडतो का?

गन हवीच कशाला, हा वाद कृपया इथे नको. वेगळा धागा काढा, मीही येतो तिथे.

– फ्रिस्कोकर

पारसिपनीवाला:
चालत नाही. मुदत, सवलत, काहीच नाही. न्यू जर्सी दुसऱ्या कुठल्याही राज्याचं कॅरी परमिट मानत नाही, त्यामुळे कार्डावरची तारीख इथे बिनकामाची. ड्रायव्हिंग लायसन्सची तुलना डोक्यातून काढूनच टाका, तिथेच लोक फसतात.

शेनीन ॲलनची केस वाचा. फिलाडेल्फियाची बाई, पेनसिल्व्हेनियाचं वैध परमिट. २०१३ मध्ये न्यू जर्सीत गाडी अडवली तेव्हा तिने स्वतःहून पोलिसाला सांगितलं की गन आहे, हे बघा परमिट. तिथेच अटक. इथे परमिटशिवाय हँडगन बाळगणं हा सेकंड डिग्री गुन्हा, ५ ते १० वर्षं, आणि त्यातली किमान साडेतीन वर्षं पॅरोलशिवाय. प्रकरण पुरतं मिटलं ते २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस्टींनी तिला माफी दिल्यावर. ती नागरिक होती. तुम्ही ग्रीन कार्डवर आहात. गनच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर इमिग्रेशन कायद्यात तो थेट देशाबाहेर काढण्याचा आधार होतो. म्हणजे शिक्षा भोगून झाल्यावर पुण्याचं तिकीट.

फ्रिस्कोकर:
बाप रे. हे ऑफिसातल्या एकानेही सांगितलं नाही. पण मग एलटीसी रद्द होतं का? टेक्सस तर बाहेरच्यांनाही देतं ना?

पारसिपनीवाला:
रद्द होत नाही. टेक्सस अनिवासींना देतं, त्यामुळे तुमचंही राहील. ३० दिवसांत डीपीएसला, म्हणजे एलटीसी देणाऱ्या टेक्ससच्या खात्याला, पत्ता कळवा. मात्र घर हललं की ते अनिवासी परमिट झालं, आणि मिशिगन, कोलोरॅडोसारखी राज्यं फक्त परमिट देणाऱ्या राज्यात राहणाऱ्यांचंच मानतात. कार्ड तेच, पण कालपर्यंत चालायचं तिथे आज नाही.

सह्याद्री_ते_स्मोकी:
प्रवासाचं मी सांगतो, तुमचा रस्ता माझ्या पायाखालचा आहे. लिटल रॉकहून आय-४० हायवे, पुढे टेनेसीतून आय-८१, आणि शेवटी आय-७८. या आय-८१ वर हेगर्सटाउनजवळ मेरीलँडचा छोटासा तुकडा लागतो. गाणं संपायच्या आत राज्य संपतं, पण मेरीलँडही बाहेरचं परमिट मानत नाही. म्हणून राज्यागणिक 'इथे कमरेला, तिथे डिकीत' असला खेळ करूच नका. फ्रिस्कोतून निघतानाच बंद करा.

१९८६ च्या केंद्रीय कायद्यात अशा प्रवासाला संरक्षण आहे: गन रिकामी, गन आणि गोळ्या दोन्ही हाताशी येणार नाहीत अशा जागी. ट्रंक असेल तर ट्रंकमध्ये. एसयूव्ही असेल तर कुलूपबंद पेटीत, आणि ग्लव्ह बॉक्स किंवा मधला कन्सोल त्यात धरत नाहीत, त्याला कुलूप असलं तरी. न्यू जर्सीच्या स्वतःच्या कायद्यातही एका घरातून दुसऱ्या घरात जाताना रिकामी गन बंद पेटीत नेण्याची मुभा आहे. मूव्हर्सच्या भरवशावर राहू नका, गोळ्या तर ते सहसा घेतच नाहीत.

शेवटचा मुक्काम पेनसिल्व्हेनियात करा. युटाच्या ग्रेग रेव्हेलची २००५ ची गोष्ट आहे: नेवार्कला पुढचं विमान हुकलं, कुलूपबंद गन असलेली बॅग हातात मिळाली, तो रात्री हॉटेलात राहिला आणि सकाळी चेक-इनला गन जाहीर करताच अटक. खटला नंतर मागे घेतला, पण त्याने उलट दावा लावला तो २०१० मध्ये अपील कोर्टात हरला. रात्रभर बॅग त्याच्या हाताशी होती, तिथेच संरक्षण संपलं.

मिरजकर_काकू:
मेहुण्याचं कुणीच बोललं नाही. एच-वन-बी, एफ-वन वगैरे व्हिसावर आलेल्यांना केंद्रीय कायद्यानेच गन किंवा गोळ्या बाळगायला बंदी आहे, राज्य कुठलंही असो. शिकारीचं वैध लायसन्स असलं तर अपवाद आहे, पण त्याच्याकडे ते नसणार असं धरून चालते. नावावर गन नाही एवढ्याने भागत नाही. सेफची किल्ली किंवा आकडा त्याला ठाऊक असेल तर 'त्याच्या ताब्यात होती' असं म्हणता येतं. त्याला आकडा सांगायचा नाही, मोकळं ड्रॉवर तर नाहीच. आणि शनिवारी शूटिंग रेंजवर 'चल रे, एकदा उडवून बघ' म्हणून नेऊ नका, हौसेने सगळे तेच करतात.

फ्रिस्कोकर:
काकू, अगदी तोच बेत होता. रद्द.

पारसिपनीवाला:
एक राहिलंच. ग्लॉक १९ बरोबर १५ गोळ्यांची मॅगझिन येते. न्यू जर्सीत २०१८ पासून मर्यादा १० ची. त्या मॅगझिन टेक्ससमध्येच विका, १० वाल्या घ्या. सेफच्या तळाशी एखादी विसरून राहते, बघून घ्या. हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळ असलेल्या गोळ्या घरात ठेवता येतात, बाहेर कॅरी करताना नाही.

आल्यावर ६० दिवसांत फायरआर्म्स आयडी कार्ड काढून हँडगनची नोंद करायची, हा नियम २०२२ पासून आहे. अर्ज तुमच्या गावच्या पोलिसांकडे. हे कार्ड म्हणजे कॅरी परमिट नव्हे, त्याचा अर्ज वेगळा: २०० डॉलर, रेंजवर परीक्षा, आणि नात्यातले नसलेले, किमान ३ वर्षं ओळखणारे ४ जण. मुदत फक्त २ वर्षं.

हडसनकाठी:
पूर्वी हेही सहसा मिळत नव्हतं. जून २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कच्या ब्रूएन खटल्यात 'खास गरज दाखवा' ही अट उडवली, तेव्हा दार उघडलं. मग राज्याने त्याच डिसेंबरात गन नेऊ नये अशा जागांची लांबलचक यादी केली: शाळा, ग्रंथालयं, बागा, दारू देणारी रेस्टॉरंट्स. आपल्या मंडळांचे गणपती शाळांच्या जिममध्येच बसतात, तेव्हा परमिट मिळालं तरी आरतीला गन घरीच.

टेक्सासिंग:
सगळ्या राज्यांनी एकमेकांची परमिटं मानावी असं विधेयक येणार होतं ना? थोडं थांबा की.

हडसनकाठी:
२०१७ मध्ये हाउसने मंजूर केलं होतं, सेनेटमध्ये अडकलं. त्याच्या भरवशावर घर बदलू नका.

फ्रिस्कोकर:
सगळ्यांचे आभार. ठरलं असं: मॅगझिन इथेच विकतो, गन रिकामी करून कुलूपबंद पेटीत ट्रंकमध्ये, गोळ्या वेगळ्या पेटीत, शेवटचा मुक्काम हॅरिसबर्गला. निघण्याआधी जर्सीच्या एखाद्या गन वकिलाशी तासभर बोलून हे सगळं तपासून घेतो. कॅरी परमिटचं नंतर बघू. ते चार ओळखीचे टेक्ससमधले असले तर चालतात का? जर्सीत मला ३ वर्षं ओळखणारं कोणी नाही.

पारसिपनीवाला:
नात्यातले नको आणि ओळख ३ वर्षांची हवी, एवढं नक्की. टेक्ससवाल्यांचं गावच्या पोलिसांना अर्जाआधी फोन करून विचारा, तिथल्या खिडकीवरचा माणूसच अर्ज पुढे सरकवणार आहे. आणि पत्ता बदलल्यावर १० दिवसांत एआर-११, म्हणजे इमिग्रेशनला नवा पत्ता कळवायचा फॉर्म, भरा, तुमचा आणि वहिनींचा वेगवेगळा.