सल्ला हवा: कॉलेजच्या मुलांसाठी ऑनलाइन कोर्सचं पॅकेज विकत घ्यावं का?

माणगंगा
नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावचं आमचं कॉलेज. आर्ट्स, कॉमर्स आणि थोडं सायन्स. टीवायच्या (पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या) मुलांना नोकरीत उपयोगी पडतील असे ऑनलाइन कोर्स मोफत मिळावेत म्हणून माजी विद्यार्थी संघाने १,८०,००० रुपये जमवलेत. एका कंपनीचा माणूस येऊन गेला. ३०० मुलांना वर्षभराचं लॉगिन, डोई ६०० रुपये, 'हजारो कोर्स'. प्राचार्य खूश आहेत. मला पटत नाहीये, पण का पटत नाही ते बैठकीत धड सांगता येईना. मुलं बहुतेक मराठी माध्यमाची, लॅपटॉप मोजक्यांकडे, निम्म्या मुली एसटीने येऊन-जाऊन. आधीपासून फुकट असलेलं काही बरं आहे का?

ताळेबंद
घेऊ नका. आमच्या ओळखीच्या एका कॉलेजने असंच पॅकेज घेतलं होतं. पहिल्या आठवड्यात सगळ्यांची लॉगिनं झाली, फोटो निघाले, नॅकच्या (कॉलेजांना दर्जाची श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या) फाइलला कागद लागला. पुढे कोण काय शिकलं ते कुणी विचारलंही नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

शिक्षिका_कोल्हापूर
माणगंगा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सरकारनेच बरंचसं देऊन ठेवलंय. 'स्वयम्' हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल २०१७ पासून आहे, आयआयटी आणि आयआयएस्सीचं 'एनपीटेल' त्याच्याही आधीपासून. शिकायला एक पैसा लागत नाही. पैसे लागतात ते परीक्षेला, एनपीटेलची फी एका कोर्सला १००० रुपये. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना निम्मी.

सर्टिफिकेटला २५ गुण घरच्या असाइनमेंटचे आणि ७५ केंद्रावर बसून दिलेल्या परीक्षेचे. त्यात २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३० मिळवावे लागतात. म्हणूनच त्या कागदाला थोडी किंमत आहे, शेजारच्याने क्लिक करून दिलं असं चालत नाही. १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये असाइनमेंटपैकी उत्तम ८ धरतात, त्यामुळे यात्रा-लग्नसराईत एखाद-दुसरी बुडाली तरी चालतं.

कॉलेजने एनपीटेलचं 'लोकल चॅप्टर' काढावं, ते फुकट असतं. प्राचार्य एक प्राध्यापक नेमतात, त्यांना आपल्या मुलांची प्रगती दिसते. हे काम मनापासून करणारा माणूस मिळाला तर अर्धी लढाई जिंकलात.

रात्रपाळी
+१. श्रेयांकाचंही (पदवीत धरल्या जाणाऱ्या क्रेडिटचंही) बघा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम्‌वरून करता येतात. पण ते तुमच्या विद्यापीठाने मान्य केले असतील तरच. मुलांनी कोर्स करून झाल्यावर विचारायला जाऊ नये, आधी लेखी घ्यावं.

गुळपोळी
सगळं इंग्रजीत आहे हो. बीएच्या मुलीला आयआयटीच्या सरांचं इंग्रजी व्याख्यान लावून दिलं की ती तिसऱ्या दिवशी गायब.

शिक्षिका_कोल्हापूर
खरंय. काही कोर्सची मराठी भाषांतरं आहेत, सगळ्यांची नाहीत. सुरुवात आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'पासून करा. लिब्रेऑफिस, पायथन वगैरे, आवाज मराठीत, छोटे छोटे धडे. एका खिडकीत व्हिडिओ, शेजारच्या खिडकीत आपण करायचं. मात्र हे मोबाइलवर होत नाही, कॉलेजची लॅब उघडी हवी. आमच्याकडे लॅब चारला बंद व्हायची आणि मुलींची एसटी साडेपाचला. मधला दीड तास स्टँडवर. लॅब सव्वापाचपर्यंत चालू ठेवली, आणखी काही केलं नाही.

पगारपत्रक
मी पुण्यात एका मध्यम आकाराच्या कंपनीत अकाउंट्सची भरती करतो. बायोडेटात सर्टिफिकेटं पंधरा असतात. मी एक्सेलची फाइल उघडून देतो आणि म्हणतो, यातून शाखेनुसार येणी काढ. पिव्होट सोडा, साधं फिल्टर लावतानाही हात थांबतो. बीकॉमच्या मुलाला एक्सेल, टॅली आणि जीएसटीचं विवरणपत्र या तीन गोष्टी हाताने आल्या तरी माझ्याकडे काम आहे. 'लीडरशिप'चा कोर्स मी वाचतही नाही.

चेन्नईकर_कुलकर्णी
इथे तमिळनाडूत सरकारने २०२२ च्या मार्चमध्ये 'नान मुदलवन' योजना काढली. मुलांना कौशल्याचे कोर्स मोफत, पण मुख्य म्हणजे कॉलेजांत ते अभ्यासक्रमातच बसवले, वेळापत्रकात तास दिला. सगळं छान चाललंय असं मी म्हणणार नाही, काही कोर्स नुसते उरकले जातात. पण लॉगिन देऊन मुलाला वाऱ्यावर सोडण्यापेक्षा बरं. तुमच्या प्राचार्यांकडून आठवड्याचे दोन तास मागून घ्या, ते १,८०,००० पेक्षा महाग आहेत.

ढेकूण_मारक
अजून फुकट:
इन्फोसिस स्प्रिंगबोर्ड, सर्टिफिकेटसकट. टीसीएस आयऑनचा 'करिअर एज', १५ दिवसांचा, मुलाखत-ईमेल वगैरे. सायन्सवाल्यांना प्रोग्रामिंग शिकायला फ्रीकोडकॅम्प. हार्वर्डचा सीएस५० हा कॉम्प्युटर सायन्सचा प्राथमिक कोर्स केलात तर त्यांच्या स्वतःच्या साइटवरून सर्टिफिकेट फुकट मिळतं, एडएक्स या कोर्सच्या साइटवरचं पडताळणीवालं विकतचं. डिजिटल मार्केटिंगला हबस्पॉट अकॅडमी आणि गूगल स्किलशॉप.
कोर्सेरावर आर्थिक मदतीचा अर्ज करता येतो, पण एकेका कोर्सला वेगळा, आणि उत्तराला साधारण दोन आठवडे. पूर्ण माफीच मिळेल असं धरून बसू नका. अर्जातली उत्तरं एकमेकांची उतरवू नका हे मुलांना दम देऊन सांगा.

टोरांटोची_मावशी
एक लहानशी सूचना. कॉलेजने घेतलेलं लॉगिन कॉलेजबरोबर संपतं. कुठलाही कोर्स असो, मुलांनी खातं स्वतःच्या ईमेलवर काढावं आणि सर्टिफिकेट त्याच दिवशी उतरवून ठेवावं. इकडे आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्डावर लिंक्डइन लर्निंग फुकट आहे, शिकायला आलेल्या आपल्या पोरांना ते वर्ष-वर्ष माहीत नसतं.

माणगंगा
सगळ्यांचे आभार, बैठकीत बोलायला आता मुद्दे आहेत. म्हणजे कोर्सवर खर्च शून्य, आणि पैसे परीक्षेच्या फीला. पूर्ण फी धरली तरी १८० परीक्षा होतात. पण फी आधी भरायची की पास झाल्यावर परत द्यायची? आमच्यातले निम्मे म्हणतात, आधी दिली तर मुलं परीक्षेलाच जाणार नाहीत.

ताळेबंद
पास झाल्यावर. फुकटचं कुणी मनावर घेत नाही.

गुळपोळी
माझा विरोध. नोंदणीच्या आठवड्यात घरातून हजार रुपये निघत नाहीत म्हणूनच तर मुली मागे राहतात, परतफेडीचं आश्वासन त्यांच्या काय कामाचं? पहिल्या चार असाइनमेंट वेळेवर दिल्या की फी संघाने थेट भरावी. फक्त त्या सत्रातल्या नोंदणीच्या तारखेत ते बसतं का ते आधी बघा.

शिक्षिका_कोल्हापूर
गुळपोळीशी सहमत. चार जास्त होतील, तारखेआधी जेवढ्या बसतील तेवढ्या ठेवा. परीक्षेचं गावही फॉर्म भरतानाच निवडायचं असतं, तेव्हा मुलांना घेऊन बसा, नाहीतर कुणीतरी भलतंच केंद्र टाकून येतं.

माणगंगा
शेवटची शंका. आमच्या कॉमर्सला एकच कायम प्राध्यापक आहेत आणि ते निवृत्तीला आलेत. चॅप्टरचं काम तासिका तत्त्वावरच्या मॅडमकडे दिलं तर?

रात्रपाळी
देऊ शकता, पण फुकट राबवू नका. १८० परीक्षा काही होणार नाहीत. १२० धरा आणि उरलेल्या ६०,००० मधून मॅडमना दरमहा मानधन आणि लॅबच्या शिपायाला जादा वेळेचे पैसे द्या. बैठकीच्या ठरावातच लिहून घ्या.