सेल बदलण्याआधी सेन्स वायर तपासावी

खानापूरच्या आपल्या इन्व्हर्टरला जोडलेल्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पॅकमध्ये बीएमएस (प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारे सर्किट) सातवा सेल 3.41 आणि आठवा 3.25 व्होल्ट दाखवतो, बाकीचे सारे 3.33 वर आहेत, असे आपण लिहिले आहे. त्यावर आठवा सेल बदलण्याचा जो सल्ला आपल्याला दिला गेला, तो मला घाईचा वाटतो. शेजारच्या दोन सेलांपैकी एक जितका वर, नेमका तितकाच दुसरा खाली असेल, तर दोष बहुधा सेलचा नसून त्या दोघांच्या सामाईक सेन्स वायरचा (सेलचे व्होल्टेज बीएमएसपर्यंत नेणाऱ्या बारीक तारेचा) असतो. मल्टिमीटरची टोके थेट सेलच्या टर्मिनलवर टेकवून मोजावे. तेथे दोन्हीकडे 3.33 आले, तर वायरची लग (टर्मिनलवर बसणारे तिचे धातूचे टोक) पाहावी. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात तांब्यावर हिरवट आणि ॲल्युमिनियमवर पांढरा थर धरतो. मात्र लग सैल करण्यापूर्वी चार्जर व लोड बंद करून बीएमएसचा सेन्स कनेक्टर काढणे अत्यावश्यक आहे, अन्यथा बीएमएस जळू शकते.

चार्जिंगच्या वेळी चढणारा आणि लोडवर तितकाच उतरणारा सेल असेल, तर बसबारचा (सेल एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या पट्टीचा) नट ढिला असण्याची शक्यता अधिक. टर्मिनलवरही फरक कायम राहिला, तरच आठव्या सेलवर संशय घ्यावा.