मुलगी १६ वर्षांची: लायसन्स काढावं का? 'बिनालायसन्स' स्कूटर खरंच चालते का? मदत हवी आहे

मृद्गंधा
लेक यंदा अकरावीला आहे. आम्ही पुण्यात नऱ्ह्याला राहतो, कॉलेज आणि क्लास दोन्ही कर्वे रोडच्या बाजूला. सकाळी बसने जाते, ते निभतं. संध्याकाळी क्लास सुटल्यावर मात्र बस मिळून घरी पोचेपर्यंत पोरगी मेटाकुटीला येते. तिच्या बॅचची बरीच मुलं सरळ ॲक्टिव्हा घेऊन येतात, लायसन्सचा पत्ता नाही. "आई, कोणी पकडत नाही" हे पालुपद घरात रोज चालू आहे, आणि सासूबाई नातीच्या पक्षात.

ॲक्टिव्हा द्यायची नाही हे माझं पक्कं आहे. तेव्हा "आम्ही आठवीत राजदूत चालवायचो" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

१६ व्या वर्षी बिनगिअरचं लायसन्स मिळतं म्हणतात, मग त्यावर गाडी कोणती चालते? एका शोरूममध्ये सांगितलं, "लायसन्स काढा आणि कुठलीही स्कूटर घ्या." दुसऱ्या दुकानात बॅटरीची स्कूटर दाखवली. लायसन्स नको, पासिंग नको. वर हळूच म्हणाला, "स्पीड २५ ला लॉक आहे, नंतर एक वायर काढली की ४५ पळते." मी तिथूनच पर्स उचलली. पण लॉक तसंच ठेवून घेतली तर ती कायद्यात बसते का? आणि १८ पूर्ण होईपर्यंत शिकवण्यासारखं काहीच नसतं का? जाणकारांनी सांगावं.

क्लचप्लेट
ताई, शोरूमवाल्याने अर्धंच सांगितलं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४. सोळाव्या वर्षी मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचं लायसन्स, पालकाच्या सहीने. लुनाच्या जमान्यातली सोय आहे ती. ॲक्टिव्हा ११० सीसीची, टीव्हीएसची एक्सएलसुद्धा शंभराच्या घरात. म्हणजे लायसन्स पाकिटात आणि शोरूममध्ये त्या लायसन्सवर चालेल अशी गाडीच नाही. ते दाखवून ॲक्टिव्हा चालवली तर ते विनापरवानाच.

सासूबाईंना कलम १९९अ वाचून दाखवा. २०१९ च्या दुरुस्तीत आलं. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या २५ पर्यंत लायसन्स नाही. "न विचारता किल्ली नेली" म्हणायचं असेल तर तेही पालकानेच सिद्ध करायचं. अपघात झाला तर विमा कंपनी समोरच्याला दिलेले पैसे मालकाकडून वसूल करू शकते, ते वेगळंच.

बॅटरीवाला
लॉकवर जाऊ नका, मोटर बघा. मोटर २५० वॉटच्या आतली आणि वेग ताशी २५ किमीच्या आत, दोन्ही असेल तरच ती कायद्याने 'मोटार वाहन' धरत नाहीत, म्हणून लायसन्स आणि नंबर प्लेट लागत नाही. वायर काढल्यावर ४५ पळणाऱ्या गाडीची मोटर २५० वॉटची असेल, हे मला तरी पटत नाही. अशा गाडीला पासिंग, हिरवी प्लेट, लायसन्स, सगळं लागतं. लॉक असो वा नसो.

दुकानदाराकडे त्या मॉडेलचं मान्यता प्रमाणपत्र मागा आणि मोटरचे वॉट बिलावर लिहून घ्या. गाड्या तपासून प्रमाणपत्र देणारी संस्था एआरएआय तर आपल्याच वेताळ टेकडीवर बसली आहे.

चिंगी
कायदा राहू द्या, रस्ता बघा की! कात्रजच्या बोगद्याकडून उतारावर ट्रक सुटलेले असतात आणि खाली नवले पुलापाशी तुमची लेक २५ च्या स्पीडने? मी नाही देणार. घ्यायचीच असेल तर आतल्या रस्त्याने धायरी, मग सिंहगड रोड आणि राजाराम पूल. लांब पडेल, पडू द्या. हेल्मेट मात्र पहिल्या दिवसापासून, कायदा मागो न मागो.

शिकण्याचं म्हणाल तर दोन वर्षं सायकल रहदारीत चालवू दे. हात दाखवणं, मागे बघून लेन बदलणं, चौकात बसच्या डाव्या बाजूला न घुसणं, हे सगळं सायकलवरच अंगवळणी पडतं. अठरा झाले की आधार वापरून सारथी पोर्टलवर घरबसल्या लर्निंगची परीक्षा देता येते. लर्निंग सहा महिने चालतं, ३० दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते. तोवर पुढे-मागे लाल एल लावायचा आणि मैत्रिणीला डबलसीट घ्यायचं नाही, हेच पोरं विसरतात.

टेस्टला गाडीने जमिनीवर इंग्रजी आठचा (8) आकडा काढायला लावतात. भाच्याने वळणावर ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून ब्रेक धरला, गाडी डगमगली, पाय टेकला, घरी परत. हलका ॲक्सिलरेटर ठेवायचा आणि नजर चाकावर नाही, वळण जिथे संपतं तिथे.

मृद्गंधा
सगळ्यांचे आभार. बॅटरीवाला, दुकानदाराला प्रमाणपत्र मागितलं. उत्तर आलं, "मॅडम गाडी बघा, कागद काय बघता." विषय संपला. सासूबाई २५,००० च्या आकड्यावर थोड्या विरघळल्या आहेत, लेक अजून फुगून बसली आहे.

तूर्त शेअर रिक्षा बघते. नऱ्हे-धायरीकडच्या कुणाची मुलं संध्याकाळी साडेसातच्या सुमारास कर्वे रोडवरून परतत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. तिघं-चौघं जमली तर महिन्याने ठरवता येईल.