दाभोलकर खटल्याचा निकाल लागला, मग प्रकरण मिटलं का?

पेठेतला_पक्या:
काल ऑफिसात डबा खाताना विषय निघाला आणि एकजण म्हणाला, दोघांना जन्मठेप झाली ना, मग घरच्यांना अजून काय पाहिजे. तेव्हा गप्प बसलो, पण डोक्यातून जाईना म्हणून इथे लिहितोय. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात ओंकारेश्वरजवळच्या पुलावर अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिस) संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या, पोलीस चौकी तिथून हाकेच्या अंतरावर. निकाल आला १० मे २०२४ ला. सचिन अंदुरे आणि शरद कळसकर यांना जन्मठेप, बाकी तिघे निर्दोष. पण त्याच निकालात कोर्ट म्हणतं की मुख्य सूत्रधार दुसराच कोणीतरी आहे आणि पुणे पोलीस काय, सीबीआय काय, दोघांनाही तो शोधता आला नाही. आता याला मिटलं म्हणायचं?

नाना_निवांत:
पक्या, कोर्ट पुराव्यावर चालतं, आपल्या तळमळीवर नाही. तिघांवर संशय होता, पुरावा टिकला नाही, सोडलं. त्यातला एकजण जून २०१६ ला पकडलेला, म्हणजे आठ वर्षं खुनाचा आरोपी म्हणून काढली आणि शेवटी निर्दोष. त्याचं कोणी बोलत नाही. त्यालाही घरचे असतीलच की.

तांबडा_पांढरा:
नाना, पुरावा टिकला नाही का गोळाच केला नाही धड? आधी पुणे पोलिसांनी शस्त्रं विकणारे दोघे धरले, ते जामिनावर सुटले. मग केस सीबीआयकडे. २०१६ च्या चार्जशीटमध्ये गोळ्या झाडणारे म्हणून दोन फरार लोकांची नावं, आणि २०१८ ला एकदम वेगळेच दोघे, म्हणजे हेच अंदुरे-कळसकर, तेही एटीएसनं (दहशतवादविरोधी पथकानं) नालासोपाऱ्याच्या स्फोटकांच्या प्रकरणात धरपकड केली त्यातून धागा लागला म्हणून. आरोप निश्चित व्हायला सप्टेंबर २०२१ उजाडला. एवढ्या कोलांट्या मारल्यावर बचावाचा वकील काय ओवाळणार का तुम्हाला? कोर्टानं पण तपास अधिकाऱ्यांवर ताशेरे ओढलेत. आणि आमच्या कोल्हापुरात कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे अण्णांना फेब्रुवारी २०१५ मध्ये गोळ्या घातल्या, त्या केसचं तर बोलायलाच नको.

माणदेशी_मुलगी:
मला जरा वेगळंच वाटतं, राग येईल कदाचित. डॉक्टर मोठे होते म्हणून एवढं तरी झालं. खून झाल्यावर आठवडाभरात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, जो कायदा ते वर्षानुवर्षं मागत होते आणि डिसेंबरमध्ये कायदा पण झाला. आमच्या शेजारच्या वाडीत एकाचा खून झाला, त्याची आई तालुक्याला खेटे घालून घालून थकली, तिला कोण विचारतंय.

पेठेतला_पक्या:
ताई, राग नाही, खरंय ते. पण यांनाही ताटात वाढून नाही मिळालं. डॉक्टरांची मुलं मुक्ता आणि हमीद दाभोलकर दोघं तारखांमागून तारखा हायकोर्टात गेले, त्यांच्या अर्जावर हायकोर्टानं कित्येक वर्षं तपासावर देखरेख ठेवली तेव्हा कुठे हे दोघे तरी शिक्षेपर्यंत पोचले. अंनिसची माणसं दर महिन्याच्या २० तारखेला पुलावर उभी राहायची, "जवाब दो" म्हणत. एवढी ताकद असून सूत्रधार सापडत नाही, तर वाडीतल्या आईचं काय होणार, हाच तर मुद्दा आहे माझा.

नाना_निवांत:
अपील केलंय ना मुक्ताताईंनी निर्दोष सुटकेविरुद्ध? मग थांबा की. हायकोर्ट काय म्हणेल ते तरी मान्य करणार का, का तेव्हाही नवा धागा काढणार?

पेठेतला_पक्या:
मान्य करीन. पण नाना, अपील खटल्यातल्या आरोपींपुरतंच आहे. जो चार्जशीटमध्येच नाही त्याच्याबद्दल अपिलात काय ठरणार? त्याला नव्यानं तपास लागतो आणि ती देखरेख तर हायकोर्टानं २०२३ मध्येच थांबवली.

नाना_निवांत:
तपास कोणाविरुद्ध? नाव सांगा ना. नाव नाही, पुरावा नाही, नुसतं सूत्रधार सूत्रधार.

तांबडा_पांढरा:
नाव पण पक्यानंच सांगायचं असेल तर सीबीआय कशाला ठेवलीय हो नाना?