चेनसॉ चालू होत नाही: दोष पेट्रोलचा की हाताचा?

नारळीपोफळी:
जून २०२०च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनची आमची वाडी आडवी झाली, तेव्हा पोफळी कापायला चेनसॉ (पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत) घेतला. पहिली काही वर्षं दुसऱ्या-तिसऱ्या झटक्यात चालू व्हायचा. आता पावसाळाभर पडवीत पडून राहिला की दसऱ्याला दोरी ओढून ओढून खांदा निखळायची पाळी. माझं मत सरळ आहे. पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आलं आणि ही रडकथा सुरू झाली. इथेनॉल ओल धरतं, रबर खातं. गेल्या वर्षी मेकॅनिकने कार्बोरेटरमधला (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) रबरी पडदा काढून हातात दिला. दाबला तर भाजलेल्या पापडासारखा वाजला.

दोरीखेच:
काका, इथेनॉलला शिव्या सावकाश घाला. आधी सांगा, चोक (थंड मशीनला हवा कमी देणारी खटकी) किती वेळ ओढून ठेवता? थंड मशीन एकदा 'फट्' करतं, तेवढ्यात चोक अर्ध्यावर आणायचा. ते 'फट्' इतकं बारीक असतं की शेजारी पाण्याचा पंप चालू असला तर कळतच नाही. मग माणूस ओढतच राहतो आणि प्लग पेट्रोलने न्हाऊन निघतो. स्विच बंद करा, प्लग काढून पुसा, चोक ऑफ करून तसेच आठ-दहा झटके मारा. आत साचलेलं पेट्रोल उडून जाईल. (तेव्हा विडी पेटवू नका. पेटवणारे पाहिलेत.)

नारळीपोफळी:
प्लग ओला असता तर गप्प बसलो असतो. ठणठणीत कोरडा होता.

दोरीखेच:
मग वरपर्यंत पेट्रोल पोचतच नाहीये. टाकीत तारेचा हूक घालून नळी बाहेर ओढा, टोकाचा फिल्टर बघा.

कुडाळची काजूवाली:
मीही पंपावरचंच पेट्रोल वापरते हो. फक्त मिरगाच्या आधी टाकी रिकामी करते आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवते. पेट्रोलच्या लिटरला २० मिली ऑइल, लागेल तेवढंच मिसळायचं. दिवाळीला पहिल्या पाच झटक्यांत चालू. काकांनी चार महिने टाकी भरलेली ठेवली असणार, पैज लावते.

जुना मिस्त्री:
२० मिली? आम्ही ४० टाकत आलो. जरा जास्त तेल गेलं तर इंजिन जगतं.

दोरीखेच:
ज्या मशीनच्या पुस्तकात २५:१ (२५ भाग पेट्रोलला १ भाग ऑइल) लिहिलंय त्याला ४०च टाका, दादा. ५०:१च्या मशीनला तेच दिलंत तर प्लगवर काजळी धरते, सायलेन्सरची जाळी बुजते. मग गिऱ्हाईक कार्बोरेटरचे स्क्रू पिळत बसतं आणि ते निस्तरायला माझ्याकडे येतं.

नारळीपोफळी:
फिल्टर काढला. काळा चिकट गोळा झाला होता. नवा घातला, चौथ्या झटक्यात चालू. टाकी भरलेली होती, पैज हरलो. पण तो पडदा कडक कशाने झाला, याचं उत्तर अजून एकानेही दिलेलं नाही.