काळजीच्या दिवसांत मुलासमोर मन शांत कसे ठेवावे?

प्रश्न : एक आई, डिचोली

माझे यजमान मालवाहू जहाजावर अभियंता आहेत. 2023 च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, आणि तेव्हापासून त्या बाजूची एखादी बातमी कानावर आली की माझे कशातच लक्ष लागत नाही. जहाजाचा ठावठिकाणा दाखवणारे ॲप मी रात्री पुनःपुन्हा उघडते आणि त्यावरचा ठिपका हललेला दिसला नाही की झोप उडते. मुलगा आठ वर्षांचा आहे. त्याला काही कळू नये म्हणून मी टीव्ही लावत नाही, त्याच्यासमोर हसतमुख राहते, तरीही शाळेत निघताना हल्ली त्याच्या पोटात दुखते, आणि "बाबा कधी येणार?" हे विचारणे त्याने अचानक सोडून दिले आहे. त्याच्या या गप्प राहण्याचीच मला जास्त धास्ती वाटते. सासूबाई म्हणतात, देवावर भार टाक. माझी श्रद्धा आहे, पण भार टाकायचा म्हणजे नेमके काय करायचे, ते उमगत नाही. आपण अशा वेळी मन कसे सांभाळता?

उत्तर : तारवट्याची पत्नी, वास्को

ताई, आमच्या घरी दोन पिढ्या बोटीवर गेल्या, त्यामुळे तुमची रात्र मला ठाऊक आहे. आधी त्या ठिपक्याविषयी सांगते. तो जहाजाचे ठिकाण आपोआप कळवणाऱ्या एआयएस यंत्रणेच्या संकेतांवरून दिसतो. जहाज किनाऱ्यापासून दूर गेले की हे संकेत किनाऱ्यावरच्या केंद्रांपर्यंत पोहोचत नाहीत आणि धोक्याच्या पट्ट्यात कप्तान सुरक्षेसाठी ती यंत्रणा बंदही ठेवू शकतो. म्हणजे ठिपका थांबला याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की माहिती जुनी आहे. शिवाय अनेक कंपन्यांनी आपली जहाजे आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपमार्गे न्यायला सुरुवात केली. त्या मार्गाने आशियातून युरोपला जाताना साधारण दहा ते चौदा दिवस जास्त लागतात. यजमानांना त्यांचा मार्ग कोणता आहे हे स्पष्ट विचारा आणि कंपनीच्या कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक घेऊन ठेवा. ॲप आणि बातम्या दिवसातून ठरलेल्या एकाच वेळी पाहाव्यात, तीही झोपायच्या आधीची वेळ नसावी.

उत्तर : शालेय समुपदेशक, फोंडा

मुलाची पोटदुखी आधी डॉक्टरांना दाखवा. ती मनाचीच असेल असे गृहीत धरू नये.

हसतमुख राहण्याविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वर्षभराच्या बाळांना काचेच्या अशा पृष्ठभागावर ठेवले होते, जिथे पुढे खड्डा असल्याचा भास होत असे. पलीकडे उभ्या असलेल्या आईचा चेहरा आनंदी होता तेव्हा 19 पैकी 14 बाळे काच ओलांडून गेली. तिच्या चेहऱ्यावर भीती होती तेव्हा 17 पैकी एकही गेले नाही. बोलता न येणारी मुले जर एवढे वाचतात, तर आठ वर्षांच्या मुलाला तुमचे हसू आणि तुमचे डोळे यांतला फरक नक्कीच जाणवत असणार. त्याला भीती दिसते, पण तिचे कारण कोणी सांगत नाही. मग ते कारण तो स्वतःच रचतो, आणि आईला त्रास नको म्हणून विचारणेही थांबवतो. त्याला जवळ घेऊन सांगा, "बाबा दूर आहेत म्हणून मला कधी कधी काळजी वाटते, मग मी थोडा वेळ शांत बसते आणि मला बरे वाटते." काळजीतून आई सावरते हे त्याने पाहिले, तर त्याच्या मनावरचे दडपण हलके होईल. तुमचाही निम्मा थकवा हसू टिकवून धरण्याचा आहे, असे मला वाटते.

उत्तर : निवृत्त शिक्षक, मडगाव

सासूबाईंच्या सांगण्याला एक शारीरिक आधारही आहे. 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता. लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हणताना आणि मंत्र म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सुमारे सहापर्यंत मंदावतो आणि हृदयाची लयही सुधारते, असे त्यात आढळले. आमच्या वाड्यावर एका घरी तिन्हीसांजेला तेर्स, म्हणजे ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना, चालते आणि शेजारी रामरक्षा, म्हणून तो वाचून मला विशेष आनंद झाला. दिवेलागणीला मुलाला शेजारी बसवून रामरक्षा सावकाश म्हणा, प्रत्येक चरणाच्या शेवटी श्वास पूर्ण सोडा. घाईने उरकलेल्या पाठाचा हा उपयोग होणार नाही.

प्रश्नकर्ती

सर्वांची आभारी आहे. त्याने हल्ल्यांविषयी थेट विचारले, तर काय सांगावे?

उत्तर : शालेय समुपदेशक, फोंडा

तो विचारेल तेवढेच, पण खरे सांगा. "काहीही होणार नाही" असे वचन देऊ नका, कारण ते आपल्या हातात नाही. नकाशा उघडून बाबांचा मार्ग त्यालाच बोटाने गिरवू द्या आणि जहाजावर सुरक्षेसाठी काय काय करतात, हे बाबांच्याच तोंडून फोनवर ऐकवा. तुमची झोप अशीच उडत राहिली, तर 14416 या टेलि-मानस नावाच्या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या निःशुल्क क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते. प्रत्यक्ष भेटायचे असेल तर बांबोळीला मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था आहे. तिथे जायला आजार विकोपाला जाण्याची वाट पाहू नये.