रात्री दीड वाजता सोनोग्राफीच्या खोलीला कुलूप का?

धागाकर्ता (सर्जन, उपजिल्हा रुग्णालय)

गेल्या ऊसहंगामात मध्यरात्रीनंतर एक पंचविशीचा मुलगा आणला. अंधारात उभ्या ट्रॉलीवर त्याची दुचाकी मागून धडकली होती. नाडी १३०, वरचं बीपी ८५. मांडीचं हाड मोडलेलं आणि डाव्या बरगड्यांखाली हात लावू देत नव्हता. मांडीच्या फ्रॅक्चरमध्येही लिटरभर रक्त आत जाऊ शकतं, त्यामुळे बीपी मांडीमुळे पडलंय की पोटामुळे, हा प्रश्न होता. उत्तर देणारं मशीन कॅज्युअल्टीपासून चाळीस पावलांवर होतं. खोलीला कुलूप होतं. रेडिओलॉजिस्ट आठवड्यातून तीन दिवस दुपारी येतात आणि गर्भलिंगनिदानाच्या कायद्याखाली मशीनची जी नोंदणी असते, तिच्यात नाव फक्त त्यांचं आहे.

मी जुन्या पद्धतीने पोटात सुई घालून पाहिलं. पहिल्या दोन वेळा काहीच नाही, तिसऱ्यांदा रक्त. पोट उघडलं तर प्लीहा फाटलेली. मुलगा वाचला. पण मधली चाळीस मिनिटं मी अंदाजावर काढली. ती मला अजून विसरता येत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे: रात्रपाळीच्या सर्जनला आणि कॅज्युअल्टीच्या डॉक्टरला फास्ट (FAST) नावाची झटपट सोनोग्राफी तपासणी शिकवा, त्यांची नावं नोंदणीत घाला आणि ते मशीन चोवीस तास हाताशी ठेवा. फास्टमध्ये चार जागा बघायच्या असतात: यकृत आणि उजव्या किडनीमधली फट, प्लीहेभोवती, ओटीपोट आणि हृदयाचं आवरण. प्रश्न एकच, इथे रक्त साठलंय का? सरावलेल्या हाताला तीन-चार मिनिटं पुरतात.

प्रतिसाद १ (रेडिओलॉजिस्ट, खासगी प्रॅक्टिस)

डॉक्टर, तुमची तळमळ कळते, पण 'फास्ट शिकवा' हे वाक्य फार सोपं करून मांडलंय. पोटात साधारण दोनशे मिली तरी रक्त साठल्याशिवाय ते सहसा दिसतच नाही. अपघातानंतर वीस मिनिटांत केलेली तपासणी निगेटिव्ह येते आणि तासाभराने तोच पेशंट कोसळतो. फाटलेलं आतडं, पोटाच्या मागच्या भागातला रक्तस्राव, स्वादुपिंडाची इजा या गोष्टी फास्टमध्ये सुटतात. लठ्ठ पेशंटमध्ये किंवा त्वचेखाली हवा पसरली असेल तर मलाही नीट दिसत नाही आणि मी बावीस वर्षं हेच करतोय.

मला भीती वाटते ती कागदावरच्या एका ओळीची: 'सोनोग्राफी नॉर्मल'. ती ओळ वाचून पुढचा डॉक्टर निर्धास्त होतो. सुई घालून रक्त आलं नाही तर तुमचा संशय कायम राहतो. मशीनने 'नाही' म्हटलं की संशय मरतो. आधी दर जिल्ह्यात रेडिओलॉजिस्टची रिक्त पदं भरा.

प्रतिसाद २ (परिचारिका, निवृत्त)

पदं भरा म्हणता साहेब, पण माझ्या शेवटच्या अकरा वर्षांत आमच्याकडे ते पद एकदाही पूर्ण वर्षभर भरलेलं नव्हतं. रेफरचा कागद लिहायला मात्र कुणी ना कुणी असायचं. एका बाईला पाळी चुकून दीड महिना झाला होता, पोटात कळ येऊन चक्कर आली म्हणून आणलं. गर्भनलिका फुटली असणार हे मला तिच्या डोळ्यांच्या पांढुरकेपणावरून कळलं होतं. तपासणीसाठी तिला १०८ मध्ये घालून साठ किलोमीटर पाठवलं. ती पोचली नाही. यापेक्षा जास्त मला लिहवत नाही.

प्रतिसाद ३ (लेक वाचवा चळवळीतली कार्यकर्ती)

ताई, तुमचं वाचून गलबललं. तरीही विरोधात लिहितेय, कारण ते कुलूप लावायला आम्ही भांडलो आहोत.

गर्भलिंगनिदानावर देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ चा. कायदा असतानाही शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली २००१ साली राज्यात ९१३ होत्या, त्या २०११ ला ८९४ झाल्या. बीड जिल्ह्यात ८०७. २०१७ साली सांगली जिल्ह्यात म्हैसाळला १९ भ्रूण पुरलेले सापडले. हे सगळं कुणा अशिक्षित माणसाने केलं नाही. मशीनवर हात कुणाचा असतो, यावर मुलींचं जगणं ठरतं.

आता डॉक्टर, मला सरळ सांगा. तुमच्या फास्टमध्ये तिसरी जागा ओटीपोट. पोटावर फिरवायचा प्रोब तोच, जागा तीच. गरोदर बाई अपघातात आली तर तुमच्या कॅज्युअल्टीतला डॉक्टर नेमकं तेच बघणार ना, जे बघू नये म्हणून कायदा आहे? 'इमर्जन्सी' हा शब्द लिहिला की दार उघडतं असं एकदा ठरलं, तर रात्री दीडला इमर्जन्सी किती वाढतील याचा विचार करा.

प्रतिसाद ४ (भूलतज्ज्ञ)

दोन्ही बाजू मशीनभोवतीच फिरताहेत. रक्त दिसलं, पुढे काय? रात्री भूल द्यायला मी असेन का? रक्तसाठवण केंद्रात त्या गटाच्या चार पिशव्या असतील का? नसतील तर पेशंट रेफरच होणार, सोनोग्राफी असो वा नसो. मी तीन तालुक्यांना ऑन कॉल असतो. एकाच्या पोटावर टाके घालणं चालू असताना दुसऱ्याचा फोन येतो. पैसा एकच असेल तर तो आधी रक्तावर आणि भूलतज्ज्ञावर घाला.

धागाकर्ता

भूलतज्ज्ञ सरांचं म्हणणं निम्मं मान्य. पण रेफर करतानाही उत्तर हातात असेल तर फरक पडतो. पोटात रक्त आहे हे मी फोनवर सांगितलं, तर जिल्ह्याचा सर्जन थिएटर तयार ठेवतो, रक्ताच्या पिशव्या तयार ठेवतो. नाहीतर तिथे पुन्हा कॅज्युअल्टी, पुन्हा सोनोग्राफीची रांग.

रेडिओलॉजिस्ट सरांना: 'सोनोग्राफी नॉर्मल' असं आम्ही लिहायचंच नाही. 'मोकळं रक्त दिसलं' किंवा 'दिसलं नाही, अर्ध्या तासाने पुन्हा' एवढंच. दिसलं नाही म्हणून पेशंट घरी पाठवायचा नाही, हे मीही माझ्या हाताखालच्यांना बजावतो. आणि सीटीच्या प्रतिमा दूर बसून वाचता येतात, सोनोग्राफीचं तसं नाही, प्रोब धरणारा हात तिथेच लागतो. तुम्ही शिकवायला याल का, हे मी मनापासून विचारतोय.

कार्यकर्त्या ताई, तुमच्या प्रश्नापासून मला पळता येणार नाही. प्रोब तोच असतो, खरं आहे. पण कोल्हापुरात लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना मशीनला सायलेंट ऑब्झर्व्हर बसवले होते, प्रत्येक तपासणीची नोंद आपोआप राहावी म्हणून. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने त्याला हायकोर्टात आव्हान दिलं आणि २०११ मध्ये कोर्टाने ते फेटाळलं. तसंच यंत्र कॅज्युअल्टीच्या मशीनला बसवा. गरोदर बाई असेल तर फॉर्म एफ, म्हणजे गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा कायद्याने भरायचा नोंदीचा अर्ज, तिथल्या तिथे भरला जाईल.

प्रतिसाद ५ (रेडिओलॉजिस्ट, प्रतिसाद १ चेच)

शिकवायला येईन. पण एक व्यवहाराचं सांगतो. या कायद्याच्या नियमांतल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर सोनोग्राफी केंद्रातला कर्मचारी बदलला तर तीस दिवस आधी कळवावं लागतं. तुमचे बंधपत्रित, म्हणजे सरकारी सेवेचा बॉण्ड पुरा करायला आलेले, डॉक्टर वर्षभरात बदलतात. एखाद्याचं नाव राहून गेलं तर सील मशीनला लागतं. आणि रेकॉर्डमधली चूक ही निव्वळ कारकुनी चूक नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. प्रामाणिक डॉक्टर कुलूप का उघडत नाही, त्याचं कारण हे आहे. नियमात बदल हवा असेल तर तो इथे मागा.

प्रतिसाद ३ (कार्यकर्ती)

नोंदीचा नियम सैल करायला माझा ठाम विरोध राहील. नाव नोंदवणं जलद व्हावं, दोन दिवसांत व्हावं, याला मात्र मी सही करेन. मशीन कॅज्युअल्टीत उघड्यावर, सगळ्यांच्या नजरेसमोर राहिलं पाहिजे. पडद्याआड, बंद खोलीत नको. आणि नोंदी दर महिन्याला या कायद्याखालच्या समितीने बघायच्या. आमच्या तालुक्याच्या समितीवर मी आहे, मी स्वतः येऊन बघेन.

धागाकर्ता

या. उघड्यावर ठेवण्याची अट मला पूर्ण मान्य आहे, मला ते तिथेच हवंय. वैद्यकीय अधीक्षकांना अर्ज उद्या देतो, तुमची अट त्यात शब्दशः घालतो. परिचारिका ताईंनी सांगितलेल्या बाईचाही उल्लेख त्यात करायचा आहे, नाव न घेता. ताई, तुमची हरकत नसेल तरच.

प्रतिसाद २ (परिचारिका)

लिहा. तिला दोन मुली होत्या, तेही लिहा.